पिवळ्या व्हॅनचं दार

दोन्ही हात दाराच्या दोन कडांना, एक पाय पायरीवर, हनुवटी वर. माझी लेक शाळेच्या व्हॅनच्या दारात उभी होती आणि खाली रस्त्यावर तनिष्का आणि तिच्या कॉलनीतली दोन बारकी मुलं दप्तरं सावरत थांबली होती.

"गार्गी, सोड ना गं," तनिष्का म्हणाली. तनिष्का पाचवीतली. व्हॅनमधली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात बोलकी.

गार्गी ढिम्म.

"वहिनी, आज बी तेच," हणमंतकाका आरशातून मला म्हणाले. व्हॅन त्यांचीच आणि चालवायचेही तेच. "पोरीनं जकात नाका उघडलाय बघा."

मी मागच्या सीटवरून उठले. माझ्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, खजूर, कानांवर लावायचे मोठे हेडफोन, जादा कपडे आणि मी स्वतः रंगवलेली चित्रांची कार्डं होती. हिरवं कार्ड म्हणजे 'बाजूला हो'. ते तिच्यासमोर धरलं. तिने एका हाताने घेतलं, जिभेने चाखून पाहिलं आणि रस्त्यावर टाकलं. तेवढ्यात एक बारकं पोर तिच्या काखेखालून आत शिरायला गेलं, तर तिने त्याची कॉलर पकडली.

मग रोजचंच. मी तिची बोटं एकेक करून दारावरून सोडवली, ती किंचाळली, दोन सीटच्या मधे आडवी पडली, आणि मुलं तिला ओलांडून आपापल्या जागी गेली.

"ए, उलटं ओलांडा!" तनिष्का ओरडली. "नाहीतर तिची उंची खुंटेल."

दोघंही बारके परत ओलांडून मागे आले, आणि मग आत जायला त्यांनी पुन्हा ओलांडलं. हणमंतकाकांनी कपाळाला हात लावला. "आता ह्येचा बी हिशोब घाला. चला, बसा रं!"

गार्गी तेव्हा आठ वर्षांची होती. नाव वादविवाद करणाऱ्या विदुषीचं, आणि बोलण्यातले शब्द मोजके, तेही तिच्या मर्जीने. ती स्वमग्न आहे हे आम्हाला तिच्या तिसऱ्या वर्षी कळलं. कराडात आम्ही तीन शाळांच्या पायऱ्या चढलो आणि उतरलो. चौथीने, नदीपलीकडच्या शाळेने, तिला घेतलं. ती शाळा दूर होती. मंदार, म्हणजे माझा नवरा, साखर कारखान्यात. त्याची पाळी शाळेच्या आधी सुरू व्हायची. माझ्या स्कूटरवर गार्गी बसायची, पण कुठे उतरायचं ते तीच ठरवायची, आणि त्यासाठी स्कूटर थांबायला हवी असं तिला वाटत नसे. म्हणजे ही पिवळी व्हॅन होती, म्हणून शाळा होती.

दोन वर्षं ती व्हॅनमध्ये खिडकीशी गुपचूप बसून गेली. मग डिसेंबरात माझ्या दिराचं लग्न झालं, आठवडाभर घर पाहुण्यांनी भरलं, आणि लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिने हे दार धरलं. "रुटीन बिघडलंय," साताऱ्याच्या समुपदेशक मॅडम फोनवर म्हणाल्या. "धीर धरा. कार्डं वापरून बघा." मी धीर धरला, कार्डं रंगवली. गार्गीने दार धरलं ते धरलंच.

पुढचा थांबा वेदांतचा. तिसरीतला, गोरागोमटा, चिडका. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. आदल्या आठवड्यात तो वाकून आत घुसायला गेला होता आणि गार्गीने त्याला चावलं होतं. त्याची आई त्याला सोडायला आली होती. त्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. या वाक्यानंतर राग येण्यासारखंच काहीतरी येतं, हे मला पाठ झालं होतं. "तुमच्या मुलीचं मला वाईट वाटतं. पण माझ्या पोराने रोज शाळेत जायला लढाई करायची का? मी बाईंना सांगितलंय."

"मला फोन आला बाईंचा," मी म्हटलं.

आला होता. देशमाने बाई शाळेच्या पर्यवेक्षिका. आवाज असा की फोनवरही आपण ताठ बसावं. "या आठवड्यात तुम्ही व्हॅनमधून सोबत जा," त्या म्हणाल्या होत्या. "शुक्रवारी मी स्वतः पुलापाशी चढते, काय होतं ते बघते. जमलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून तुम्हाला वेगळी सोय बघावी लागेल. इतर मुलांचाही विचार करायला हवा ना मला?"

करायला हवा होता. म्हणून तर मला भांडताही येईना.

मी बघत राहणारी बाई आहे. गार्गीमुळे तशी झाले. तिला काय दुखतंय, काय हवंय हे ती सांगत नाही, म्हणून मी तिच्या भुवया, पायाचे अंगठे, श्वास, सगळं बघते. त्या आठवड्यात मी तिला दारात उभी असताना बघत बसले. आणि गुरुवारी माझ्या लक्षात आलं की ती चिडलेली नव्हती. अंगठे सैल होते. ती एरवी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, पण दारात उभी असताना ती एकेकाच्या ओठांकडे बघत होती. वेदांतच्या, तनिष्काच्या. कुणी "गार्गी, सरक" म्हटलं की क्षणभर मान तिरकी करायची, पुढचं ऐकायला थांबल्यासारखी. पुढे काही आलं नाही की पुन्हा हनुवटी वर.

ती अडवत नव्हती. वाट बघत होती. पण कशाची?

मॅडमना दाखवायला मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला.

त्या संध्याकाळी माझी नवी जाऊ प्राजक्ता आरशासमोर बसली होती. दीर-जाऊ पुण्याहून पहिल्या संक्रांतीला आले होते. काळी साडी, आणि अंगावर हलव्याचे दागिने घालून बघणं चाललं होतं. मुकुट, हार, एका हातात बांगड्या.

"ताई, चेहरा का असा तुमचा?" तिने आरशातूनच विचारलं. "उद्याचं टेन्शन?"

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने व्हिडिओ बघितला. आधी डोळे बारीक केले. मग पुन्हा पहिल्यापासून लावला. आणि मग ती हसायला लागली. अशी हसली की हारातले हलव्याचे दाणे टपटप फरशीवर पडले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "प्राजक्ता, शाळा सुटतीय तिची. यात हसण्यासारखं काय आहे?"

"अहो ताई!" ती डोळे पुसत म्हणाली. "हे माझं दार आहे! हीच अशी उभी होती, हेच हात, हीच हनुवटी. वरात दारात आली तेव्हा!"

"कधी? मी नाही बघितलं."

"तुम्ही आत होतात ना. ताटात तांदूळ पसरत होतात, माझं नाव लिहायचं म्हणून."

खरं होतं. बाहेर हशा उसळलेला मी आतून ऐकला होता. बाहेर डोकावले तेव्हा गार्गीच्या हातात पेढा होता आणि सगळे तिचं कौतुक करत होते. पाहुण्यांमध्ये ती इतकी शांत कशी, याचंच मला नवल वाटलं होतं.

"आत्याबाई म्हणाल्या, करवली कोण? सख्खी बहीण नाही, मग पुतणीच करवली," प्राजक्ता सांगत होती. "तिला दारात उभं केलं, दोन्ही हात चौकटीला लावून दिले, आणि म्हणाल्या, गार्गी, नाव घेतल्याशिवाय सोडायचं नाही हं! मी लाजत नुसतं 'ओंकार' म्हटलं. ही हलेना. सगळे ओरडले, असं नाही चालत, नीट उखाण्यात घ्या! तेवढ्यात हे वाकून हिच्या हाताखालून आत जायला लागले..."

"आणि?"

"आणि सगळे ओरडले, धर धर, चोर चोर! हिने यांचं उपरणं असं धरलं की यांचा गळा आवळला. मग मी यमक जुळवून नाव घेतलं, आणि ही अशी बाजूला झाली." तिने हाताने पडदा सरकवल्यासारखं केलं. "मग टाळ्या, मग पेढा."



बिचाऱ्या मुलांना ती महिनाभर एवढंच सांगत होती, की नियम पाळा.

आम्ही लगेच घरात करून बघायचं ठरवलं. प्राजक्ता मुकुटासकट अंगणात जाऊन उभी राहिली. गार्गी झोपाळ्यावर बसून स्वतःचे पाय बघत होती. तिला दारात आणलं तर ती दारातून निघून परत झोपाळ्यावर गेली. घरात कुणी दप्तर घेऊन रांगेत उभं नव्हतं. मग तिने कशाला नाका लावावा?

"म्हणजे उद्याच कळणार," प्राजक्ता म्हणाली. "ताई, तुम्हाला उखाणे येतात ना?"

येत नव्हते. माझ्या लग्नात मी एम.एस्सी. झालेली, आणि 'मी उखाणेबिखाणे घेणार नाही' असं जाहीर केलं होतं. नुसतं 'मंदार' म्हणून उंबरा ओलांडला होता. गार्गीने मला कधीच आत घेतलं नसतं.

शुक्रवारी सकाळी गार्गी आणि मी व्हॅनमध्ये बसलो. तनिष्काची कॉलनी आली. हणमंतकाकांनी दार सरकवलं, आणि गार्गी उठून उभी राहिली. हात, पाय, हनुवटी.

मी तिला धरलं नाही. पलीकडच्या दाराने उतरले, वळसा घालून मुलांच्या पुढे, तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. खांद्यावर पिशवी, हातात पाण्याची बाटली. समोरच्या दुकानात दूध घ्यायला आलेले दोन आजोबा थांबून बघायला लागले. माझे कान गरम झाले.

"पिवळी आमची व्हॅन," मी म्हटलं. आवाज फुटेना. घसा खाकरला. "पिवळी आमची व्हॅन, तिला सरकतं दार... गार्गीचे बाबा आणि माझे यजमान मंदार."

गार्गीने मान तिरकी केली. माझ्या ओठांकडे बघितलं. आणि एक हात काढून, पडदा सरकवल्यासारखी, बाजूला झाली.

मी चढले.  एक आजोबा दुसऱ्याला म्हणाले, "नवीन लग्न झालेलं दिसतंय."

"काकू!" तनिष्का खालून ओरडली. गार्गीने पुन्हा दार धरलं होतं. "मी पण घेऊ? पण मला नवरा नाही!"

"कुणाचंही घे! फक्त यमक जुळायला हवं."

तनिष्काने दोन सेकंद आकाशाकडे बघितलं. "डब्यात आहे पोळी, पोळीवर गूळ... गार्गीचं नाव घेते, दप्तरावर धूळ!"

दार उघडलं. दोन्ही बारके एकमेकांचा हात धरून पुढे आले आणि तनिष्काचाच उखाणा एका सुरात म्हणाले. गार्गीने तो चालवून घेतला. कुणी किंचाळलं नाही, कुणाला ओलांडावं लागलं नाही.

हणमंतकाका सीटवर उलटे वळून बघत होते. "आयला, वहिनी," ते म्हणाले, "इतके दिस पोरगी नाव मागत हुती व्हय?"

मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून गार्गीच्या दारासमोर आले आणि टोपी सारखी केली.

"पेट्रोल टाकलं टाकीत, हवा भरली टायरात, मंगलचं नाव घेतो, गाडी टाकतो गिअरात!"

मुलांनी व्हॅन डोक्यावर घेतली. गार्गी दोन्ही पायांवर उड्या मारत हसली. ते हसणं मी त्या व्हॅनमध्ये पहिल्यांदा ऐकलं. काकांना त्या दाराने आत यायचंच नव्हतं, तरी तिने बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

वेदांतच्या थांब्यावर त्याची आई हाताची घडी घालून उभी होती. तनिष्काने खिडकीतून डोकं काढून त्याला सगळे नियम सांगितले.

"मी नाही घेणार," वेदांत म्हणाला. "मुलगे उखाणे घेत नाहीत."

"हणमंतकाकांनी घेतला!"

वेदांतने आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. मी हात जोडले. खरंच जोडले.

"घे रे," त्याची आई कंटाळून म्हणाली. "उशीर होतोय."

वेदांतने पट्टीची बोटं वर केली आणि रागारागाने म्हणाला, "ताटात ताट, ताटात चकली... गार्गीच्या दातांनी माझी बोटं सुजली!"

गार्गी बाजूला झाली. नियम म्हणजे नियम, तक्रार असली तरी यमक जुळलं होतं. वेदांत आत आला आणि आपलं कुणी कौतुक करतंय का, ते चोरून बघू लागला. बारक्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याची आई पदर तोंडाला लावून हसत होती.

"एवढंच होतं तर आधी सांगायचं ना हो ताई!" ती म्हणाली.

"मलाच काल कळलं!"

पण पुलापाशी देशमाने बाई उभ्या होत्या. त्या दिसताच मला एक गोष्ट आठवली. सगळ्या गावाला माहीत होती, आणि माझ्याच डोक्यातून गेली होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. आई-वडील, मग भावाची मुलं, मग शाळा, यात केस पिकले होते. हळदीकुंकवात उखाण्यांचा आग्रह बायकाबायकांतून फिरत यायचा आणि बाईंपाशी आला की एक खुर्ची सोडून पुढे जायचा. मी स्वतः पाहिलं होतं.

दार सरकलं. बाईंनी साडीच्या निऱ्या उचलल्या, पायरीवर पाय ठेवला. समोर गार्गी. हात, पाय, हनुवटी.

"तर ही गार्गी," बाई म्हणाल्या. "बाजूला हो बाळ."

गार्गी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

"बाई, नाव घ्या!" तनिष्का आतून ओरडली.

"काय?"

"उखाणा, बाई! त्याशिवाय ती सोडत नाही. आम्ही सगळ्यांनी घेतला!"

 हणमंतकाका समोरच्या काचेतून नदी बघायला लागले. मला वाटलं, पूल इथेच आहे, आपण खाली उडी मारावी.

"बाई, राहू दे, मी तिला धरते," मी धडपडत उठले. "तिला कळत नाही हो, लग्नात तिला करवली केलं होतं, म्हणून ती..."

बाईंनी हात वर केला. तो हात वर झाला की अख्खी शाळा गप्प व्हायची. मीही झाले.

"सगळ्यांनी घेतला?" त्यांनी विचारलं.

"काकांनी पण," एक बारका म्हणाला.

"यमक जुळायला लागतं, बाई," वेदांतने सावध केलं. "नाहीतर चावते."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. गार्गीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत कसलाही संकोच नव्हता. एक खुर्ची सोडून पुढे जाणं तिला माहीतच नव्हतं.

"मला आजवर कुणी विचारलं नव्हतं गं," बाई तिला म्हणाल्या.

आणि मग, पुलाच्या तोंडाशी, मागे दोन ट्रॅक्टर हॉर्न वाजवत असताना, वर्गात कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"हजेरीला घेतली नावं, सरली किती वर्षं, शकुंतलेचं घेते आज, मनी माझ्या हर्ष!"

गार्गी बाजूला झाली. बाई चढल्या.

"शकुंतला कोण?" बारक्याने विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या.

शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना संपली होती. उशिरा येणाऱ्यांना फाटकाशी उभं करणाऱ्या बाई त्या दिवशी उशिरा येणाऱ्यांच्याच व्हॅनमधून उतरल्या. मी त्यांच्या मागे मागे गेले.

"बाई, मग सोमवारपासून..."

"सोमवारपासून एका थांब्याला एकच उखाणा," बाई म्हणाल्या. "आळीपाळीने. शाळा भरायच्या आत सगळे आत हवेत. मुलांना सांगा, पाठ करून ठेवा."

"म्हणजे व्हॅन...?"

"तुम्ही एम.एस्सी. ना? सगळं दोनदा सांगावं लागतं का?" त्या चालू लागल्या. दोन पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाल्या, "आणि तो पोळी-गुळाचा नको पुन्हा. 'धूळ'चा अर्थ लागत नाही."

एका थांब्याला एक, हा नियम गार्गीला दोन आठवड्यांत पटला. दुसरं मूल पुढे आलं की तनिष्का म्हणायची "झालं!" आणि गार्गी खिडकीशी जाऊन बसायची. मला सोबत जावं लागेनासं झालं. वेदांत घरी आईच्या मागे लागून उखाणे रचून घ्यायचा आणि ते स्वतःचेच म्हणून सांगायचा.

पण ते सगळं नंतर. त्या शुक्रवारचं एक राहिलं.

संध्याकाळी व्हॅन परत आली. गार्गी उतरली, फाटकातून आत आली, चपला काढल्या. मी तिला बघत दारातच उभी होते. का कुणास ठाऊक, मी दोन्ही हात चौकटीला लावले. एक पाय उंबऱ्यावर. हनुवटी वर.

"नाव घे," मी म्हटलं.

गार्गी थांबली. माझ्या हातांकडे बघितलं, मग पायाकडे. मागे प्राजक्ता येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, आता ही झोपाळ्याकडे वळेल. वळली तरी चालेल, असंही मनाशी म्हणून झालं.

तिने तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं.

"टायरात," ती म्हणाली.

मी हलले नाही. ओठ घट्ट मिटून घेतले होते, नाहीतर मीच बोलले असते.

तिने मान तिरकी केली. माझ्याकडे सरळ बघितलं.

"गिअरात!"

नाव त्यात कुणाचंच नव्हतं. मी बाजूला झाले.